बापाचं नाव काय?

शाळेच्या दारात पोराला पहिलं विचारतात, बापाचं नाव काय? ज्याला बापच नाही त्यानं काय सांगावं?

१८६३ साली जोतिबा-सावित्रीमाईनं पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवलेल्या विधवांनी तिथं गुपचूप बाळंत व्हावं, पोर मारू नये. तिथं आलेल्या काशीबाईचं पोर १८७४ साली दोघांनी पोटाशी धरलं. यशवंत. नुसतं पोसलं नाही, शिकवून डॉक्टर केलं.

१८९७ च्या प्लेगात हडपसरजवळ माईनं दवाखाना उघडला, तो याच डॉक्टर लेकाच्या भरवशावर. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर तिनं पाठीवर वाहून आणलं. मग माईलाच प्लेग झाला. १० मार्चला ती गेली.

दोस्तहो, आपल्या वस्तीतलं बिनबापाचं पोर शाळेच्या दारातून मागं फिरतं, तवा आपण कुठं असतो?