हिऱ्याची अंगठी आणि फुटलेली गलबतं

मंडळी, १६७४ च्या मे महिन्यात इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून रायगडाकडे निघाला. राज्याभिषेक बघायला? तेही होतंच, पण खरं काम तहाचं. १६६१ मध्ये मराठ्यांनी राजापूरची वखार लुटली होती, तिची भरपाई हवी होती आणि व्यापाराच्या सवलतीही.

पाचाडला पोचला, तर महाराज प्रतापगडावर, भवानीच्या दर्शनाला. बसा वाट बघत! निराजीपंतांनी दरबारी रीत सांगितली: नजराणा फक्त राजाला नाही, कारभाऱ्यांनाही. आज आपण याला सरळ लाच म्हणू. तेव्हा तो उघड शिष्टाचार होता.

६ जूनला ऑक्झिंडेनने लांबूनच मुजरा केला आणि दुभाष्या नारायण शेणवीने हिऱ्याची अंगठी उंच धरली. महाराजांची नजर गेली. त्यांनी दोघांना सिंहासनापाशी बोलावलं, पोशाख दिले.

आता एवढा मान मिळाला म्हणजे सगळं मिळालं का? छे! राजापूरची भरपाई कबूल झाली. इंग्रजी नाण्याची सक्ती मात्र नाही. ज्यात रयतेचा तोटा, ते नाणं तिच्या माथी कसं मारायचं? आणि किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या गलबतांवरचा माल परत मागितला, तेव्हा उत्तर आलं की कोकणच्या रिवाजात ते बसत नाही.