सांध्याचं यंत्र

बँडसॉचं पातं तुटलं की घरच्या वर्कशॉपमधला हौशी कारागीर ते झाळतो आणि या कामाला दुरुस्ती म्हणतो. मला हा शब्द अपुरा वाटतो. हे पातं कारखान्यातून येतं तेच मुळी सांधलेलं. लांब रिळातून दातेरी पट्टी कापायची, तिची दोन टोकं एकमेकांना जोडायची, की झाला वेढा तयार. म्हणजे तुटलेलं पातं जोडताना आपण कारखान्यातली शेवटची पायरी पुन्हा करत असतो, एवढंच. हे एकदा ध्यानात आलं की या यंत्राचा इतिहास वेगळाच दिसू लागतो. बँडसॉचा शोध लागला तो पात्याचा सांधा टिकू लागला त्या दिवशी. त्याआधी होता तो नुसता आराखडा, असं माझं म्हणणं आहे.

सर्वपरिचित हकिकत थोडक्यात अशी. लंडनच्या विल्यम न्यूबेरीने १८०८ मध्ये दोन चाकांवरून फिरणाऱ्या अखंड पात्याच्या करवतीचं पेटंट घेतलं. अमेरिकेत पहिलं पेटंट १८३६ मध्ये बेंजामिन बार्करला मिळालं. दोन्ही यंत्रं धंद्यात उभी राहिली नाहीत, कारण पाती टिकत नव्हती. मग १८४६ मध्ये अ‍ॅन पॉलिन क्रेपॅं या फ्रेंच बाईंनी टोकं जोडण्याची रीत काढली, तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि ती वापरण्याचा हक्क पॅरिसच्या पेरॅं कंपनीला विकला. पेरॅंने तिला चांगल्या पोलादाची आणि नेमकं पाणी देण्याच्या कसबाची जोड दिली, आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनापर्यंत बँडसॉ दाखवण्याजोगा झाला. जाता जाता एक गंमत. याच पेरॅंच्या धंद्यात १८६७ साली रने पॅनहार्ड भागीदार झाला, पुढे एमिल लव्हासॉर आला, आणि लाकूडकामाची यंत्रं करणारी ही पेढी पॅनहार्ड-लव्हासॉर या नावाने मोटारी बनवू लागली. पुस्तकांत मान मिळतो तो न्यूबेरीला आणि पेरॅंला. क्रेपॅंबाईंच्या वाट्याला बहुधा एक ओळ येते.

न्यूबेरीचं पातं का तुटत असावं, हे आकडे मांडले की उमगतं. घरगुती बँडसॉचं चाक ३५० मिलिमीटर व्यासाचं आणि पातं ०.६ मिलिमीटर जाडीचं धरू. पोलादाचा लवचीकतेचा अंक घेऊन हिशेब केला तर नुसतं चाकावर वाकल्यामुळेच पात्याच्या पृष्ठभागावर सुमारे ३४० मेगापास्कल ताण येतो. साधं मऊ लोखंड २५० च्या आसपासच हार मानतं. त्यात पातं ताणून बसवल्याचा जोर वेगळाच. पातं २.८ मीटर लांब आणि वेग सेकंदाला १५ मीटर असेल, तर पात्यावरचा प्रत्येक बिंदू तासाला ३८ हजारांहून जास्त वेळा वाकतो आणि सरळ होतो. एखाद्या ठिकाणी पोलाद ठिसूळ झालं असेल किंवा सांध्याची जाडी केसभर जास्त राहिली असेल, तर ती जागा वाकायला नकार देते आणि सगळं वाकणं तिच्या शेजारी गोळा होतं. न्यूबेरीच्या पात्याचा शत्रू लाकूड नव्हतं, हे वळण होतं.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की खरी अडचण पोलादाची होती. पेरॅंला चांगलं पोलाद मिळालं म्हणून जमलं, सांध्याचं एवढं कौतुक कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. वारंवार वाकणारं, पातळ, नीट पाणी दिलेलं पोलाद न्यूबेरीच्या आधीपासून इंग्लंडात होतं. बेंजामिन हंट्समन हा मूळचा घड्याळजी. स्प्रिंगसाठी धड पोलाद मिळेना म्हणून १७४० च्या दशकात त्याने मुशीत वितळवून पोलाद करण्याची रीत बसवली. न्यूबेरीने पेटंट घेतलं तेव्हा घड्याळाच्या स्प्रिंगा घरोघर गुंडाळल्या नि उलगडल्या जात होत्या. मात्र स्प्रिंगेला दोन टोकं असतात आणि ती एकमेकांना जोडावी लागत नाहीत. फरक नेमका इथे आहे. आता एवढ्या लांबीची एकसारखी पट्टी तेव्हा मिळणं कठीण असणार, हे मी मान्य करतो. पण पट्टी आखूड असेल तर पात्याला दोन-तीन सांधे लागणार, म्हणजे आक्षेप फिरून सांध्यापाशीच येतो.

मग हा सांधा आला कुठून? लोहाराकडून, हे सोपं उत्तर मला पटत नाही. लोहार दोन तुकडे भट्टीत पांढरेशुभ्र तापवून घणाने एकजीव करतो. त्या तावात अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची पट्टी जळूनच जाईल, आणि उरलीच तर तिचं पाणी उतरलेलं असेल. एकोणिसाव्या शतकातल्या वखारींत पाती जोडत ती वेगळ्याच तऱ्हेने. दोन्ही टोकं कानशीने तिरपी घासायची, एकावर एक बसवायची, मध्ये टाकणखार आणि झाळेचा पत्रा ठेवायचा, आणि वरून भट्टीत लाल केलेली जाडजूड सांडशी आवळून धरायची. सांडशीच ताव देते, तीच दाबते, आणि सावकाश निवत पोलाद कडक होऊ देत नाही. तिरपा सांधा, टाकणखार आणि चांदीची झाळ हा सगळा संच सोनाराच्या पाटावरचा आहे. फुंकणीच्या जागी सांडशी आली, बाकी काही बदललं नाही.

इथे कुलूपवाल्यांचा आणि बंदुका करणाऱ्यांचाही दावा उभा राहतो. तेही टाकणखार वापरत आणि पितळेने लोखंड झाळत. मग मान सोनारालाच का? माझं उत्तर तापमानात आहे. पोलाद सुमारे ७२७ अंशांच्या वर गेलं आणि भरकन निवलं की काचेसारखं ठिसूळ होतं. पितळेची झाळ ९०० च्या आसपास वितळते, म्हणजे ती रेषा पार ओलांडूनच. चांदी, तांबं आणि जस्त यांची झाळ ७०० ते ७५० च्या घरात, अगदी उंबरठ्यावर काम उरकते. पितळेनेही पाती झाळली गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. सांडशीने निवणं लांबवल्यामुळेच ते निभावलं. पण जो सांधा रेषेच्या अलीकडे राहू शकतो तो चांदीचा, म्हणून कुळी मी सोनाराकडे लावतो. यात आणखी एक मोह होतो. युरोपातला टाकणखार अठराव्या शतकापर्यंत मुख्यतः तिबेटातून हिमालय ओलांडून जाई. म्हणजे बँडसॉच्या मुळाशी तिबेटातली सरोवरं, असं म्हणून टाकावं! पण १८४६ पर्यंत इटलीतल्या टस्कनीच्या बोरिक अ‍ॅसिडने तो बाजार पालटला होता, तेव्हा हा मोह आवरलेला बरा.

घरच्या वर्कशॉपमध्ये आजही चालते ती हीच रीत, फक्त सांडशीची जागा गॅसच्या टॉर्चने घेतली आहे. युक्ती आहे ती टोकं घासण्यात. एक टोक उलटं करून दोन्ही टोकं एकावर एक धरायची आणि एकाच वेळी घासायची, म्हणजे हात थोडा तिरका गेला तरी एकाची चूक दुसऱ्यात जिरते आणि पातं सरळ रेषेत येतं. ०.६ मिलिमीटरच्या पट्टीला सहा ते दहा मिलिमीटर लांबीचा उतार पुरतो. पाठ एका सरळ कोनपट्टीला टेकवून दोन्ही बाजू आवळायच्या आणि सांधा मधल्या मोकळ्या जागेत ठेवायचा, नाहीतर सगळी उष्णता लोखंडी पट्टीच पिऊन टाकते. तापताना टाकणखार आधी फुगतो, मग पाण्यासारखा पारदर्शक होतो. ५६ टक्के चांदीची आजची झाळ ६५० अंशांच्या आसपास क्षणात पसरते. तिथेच टॉर्च काढायचा. पाण्यात बुडवायचं नाही. जुन्या साठ्यातल्या झाळेत कॅडमियम असू शकतं आणि त्याचा धूर विषारी असतो, त्यामुळे ती वापरूच नये. शेवटी सांधा कानशीने घासून पट्टीच्याच जाडीवर आणायचा. वर सांगितलेला वाकण्याचा हिशेब इथे वसूल होतो.

विजेने हा वंश दुसरीकडे वळवला. एलिहू थॉमसनने १८८६ मध्ये वीजप्रवाहाने धातू जोडण्याचं पेटंट घेतलं, आणि १९३० च्या दशकात मिनिआपोलिसच्या लेटन विल्की याच्या धातू कापणाऱ्या बँडसॉवर पातं जोडण्याचं यंत्रच बसवलेलं होतं. माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा हाच. साच्याच्या मधोमध भोक पाडायचं, धडधाकट पातं मुद्दाम कापून त्यातून ओवायचं, आतल्या आत जोडायचं, हवा तो आकार कापायचा आणि पातं पुन्हा तोडून बाहेर काढायचं. इथे तुटणं हा अपघात राहिलेला नाही, ते कामच आहे. विजेच्या सांध्यालाही मंद लाल ताव देऊन मऊ करावं लागतं. ७२७ अंशांची रेषा त्यालाही चुकली नाही.

प्रत्येक पातं जोडण्याच्या लायकीचं असतं असं मात्र नाही. जुन्या सांध्यावर तुटलं तर दोष सांध्याचा, ते खुशाल झाळावं. दातांमधल्या घळीतून तुटलं असेल तर शेजारच्या घळी भिंगाखाली पाहाव्यात. तिथे केसासारख्या भेगा दिसल्या तर पातं थकलं आहे, आणि त्यावर चांदी घालवण्यात अर्थ नाही.