पटाबाहेरची मुले

अमेरिकेतील उपनगरांचे हायस्कूल हे शिवेआतल्या लोकांचे असते. तेथील घरमालक कर भरतात, मतदार शाळामंडळ निवडतात आणि त्यांचीच मुले तेथे शिकतात.

प्राथमिक शाळेपुढील शिक्षणासाठी कर घेता येईल काय, हा वाद मिशिगन राज्यातील कलामाझू गावी उद्भवला. १८७४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती थॉमस कूली यांनी तो अधिकार मान्य केला. गरिबाच्या मुलालाही हायस्कुलाची वाट मोकळी झाली.

बरोबर शंभर वर्षांनी, १९७४ साली, त्याच राज्यातील डेट्रॉइटचा खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. शहरातील शाळांत बहुतांश मुले कृष्णवर्णीय, तर उपनगरांत बहुतांश गोरी. ती एकत्र शिकावीत म्हणून खालच्या न्यायालयाने ५३ उपनगरी शाळाविभाग योजनेत घेतले होते. उपनगरांचा दोष सिद्ध झालेला नसल्याने ५ विरुद्ध ४ मतांनी ती योजना रद्द झाली. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरोधी मत नोंदविले.

मास्तरकीत मी वर्षानुवर्षे पटावरील नावे पुकारली. ज्यांचे नाव पटावर चढलेच नाही, त्यांची विचारपूस मात्र कधी केली नाही. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचताना ती चूक मनाला लागते.