रूममेटशी पटेना, करार सगळ्यांच्या नावावर. मधेच फ्लॅट सोडला तर काय होतं?

भांडण बहुतेक वेळा फुटकळ गोष्टीवरून सुरू होतं. सिंकमध्ये पडलेली भांडी, रात्री दोनला येणारे मित्र, वायफायचं थकलेलं बिल. मग बोलणं बंद होतं, व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त हिशेब उरतो आणि एक दिवस कुणीतरी जाहीर करतं, "एक तारखेला मी जाणार. माझं डिपॉझिट काढून ठेवा."

समजा, पुण्यात तीन मैत्रिणींनी मिळून महिना ३० हजार रुपये भाड्याने फ्लॅट घेतला. डिपॉझिट ९० हजार, करार ११ महिन्यांचा, खाली तिघींच्या सह्या. पाचव्या महिन्यात एकीने बॅग भरली. तिच्या मते तिचे १० हजार आता बंद. घरमालक म्हणतो, मला ३० हजार पूर्ण हवेत. राहिलेल्या दोघींना घरमालक आडमुठा वाटतो, पण कायदा त्याच्या बाजूने आहे.

तिघी असल्या तरी पक्ष एकच

भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ४३ सांगतं की अनेकांनी मिळून एखादी गोष्ट कबूल केली असेल, तर समोरचा त्यांच्यापैकी कुणाही एकाकडून ती पूर्णपणे करून घेऊ शकतो. करारात 'प्रत्येकीची जबाबदारी फक्त १० हजारांची' असं लिहिलेलं नसेल, तर घरमालक तिघींपैकी कुणाकडेही पूर्ण ३० हजार मागू शकतो. त्यांची आपसात वाटणी कशी ठरली होती, याच्याशी त्याचा संबंध नाही.

याच कलमाची दुसरी बाजू मात्र फारशी कुणाला माहीत नसते. ज्यांनी जास्तीचे पैसे भरले, त्या ते निघून गेलेल्या मैत्रिणीकडून वसूल करू शकतात, कारण आपसात सगळ्यांचा वाटा समान धरला जातो. म्हणजे बॅग उचलून गेल्याने तिची सुटका होत नाही. घरमालकाने 'तू जा, तुझं काही देणं नाही' असं तिला सांगितलं, तरी कलम ४४ नुसार मैत्रिणींचं तिच्याकडचं येणं शिल्लकच राहतं.

तुम्ही भाडेकरू आहात की लायसन्सी?

महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये हल्ली बहुतेक फ्लॅट 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर दिले जातात. जुन्या चाळीतल्या पागडीवाल्या भाडेकरूला मिळतं तसं संरक्षण त्यात नसतं. मिळते ती ठरावीक काळापुरती राहण्याची परवानगी. ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हाही एक लोकप्रिय गैरसमज. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. एजंट 'नोटरी करून टाकू' म्हणाला तर हे कलम आठवावं.

लॉक-इन असेल तर

करारात सहा महिन्यांचा लॉक-इन असतो आणि पाचव्याच महिन्यात घर सोडायची वेळ येते. रूममेटशी पटत नाही, हे लॉक-इन मोडायचं कायदेशीर कारण नाही. पण घरमालकाने कितीही दंड लिहावा आणि तो तसाच्या तसा वसूल व्हावा, असंही नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, न्यायालय त्या आत वाजवी भरपाई ठरवतं. आठवडाभरात नवे लोक राहायला आले असतील, तर तीन महिन्यांचं भाडं मागणाऱ्या मालकाला आपलं नुकसान नेमकं काय झालं, याचं उत्तर द्यावं लागेल.

बदली रूममेट आणला की काम झालं?

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. जाणारी मुलगी ग्रुपवर पोस्ट टाकते, नवी मुलगी येते, तिच्याकडून डिपॉझिटचे ३० हजार घेऊन जुनी निघून जाते. कागदावर जुनीच राहते. सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५६ नुसार राहण्याचं असं लायसन्स परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. त्यामुळे नवी मुलगी घरमालकाच्या लेखी कुणीच नसते आणि तिने उद्या भाडं थकवलं तर नोटीस जुनीच्या नावाने निघू शकते.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. घरमालकाची लेखी संमती घ्या आणि जुना करार रद्द करून नव्या नावांचा करार नोंदवा. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार रुपये आहे. स्टॅम्प ड्युटी आणि एजंटची फी वेगळी, पण तिघींत वाटली तर एखाद्या जेवणाच्या बिलाएवढी. पोलिसांकडे दिलेली भाडेकरूंची माहितीही तेव्हाच बदलून घ्यावी.

डिपॉझिट कुणाचं?

तिघींनी मिळून दिलेलं डिपॉझिट परत मागण्याचा हक्कही, वेगळं ठरलं नसेल तर, एकत्रच असतो. करार चालू असताना एकीचा तिसरा हिस्सा काढून देणं घरमालकावर बंधनकारक नाही. म्हणून कुणी किती दिले ते करारातच लिहून घ्यावं, किमान आपापल्या खात्यातून थेट मालकाला पाठवावं. रोख दिलेले पैसे भांडणानंतर कुणालाच आठवत नाहीत.

करारात एकाचंच नाव असेल, तर बाकीच्यांचा घरमालकाशी थेट संबंध उरत नाही. त्यांचा हिशेब नाव असलेल्या रूममेटशी, आणि पुरावा म्हणजे यूपीआयच्या नोंदी आणि चॅट. ते चॅट रागाच्या भरात डिलीट करू नका.

कुलूप बदललं तर?

करारात नाव असलेल्या प्रत्येकीचा घरावर सारखाच हक्क असतो. दोघींनी मिळून तिसरीला बाहेर काढता येत नाही. कायदेशीर प्रक्रियेशिवाय ताबा काढून घेतला, तर विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करता येतो. मारहाण, धमकी, चोरी असेल तर पोलिसांकडे जावं. नुसत्या पैशांच्या वादात मात्र पोलीस 'हे दिवाणी प्रकरण आहे' म्हणून परत पाठवतात आणि त्यात त्यांचं चुकतही नाही.

उलट बाजूची परिस्थितीही येते. करार संपला, दोघी गेल्या, तिसरी हटून बसली. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करू शकतो. अशा वेळी बाहेर पडलेल्या दोघींनी ताबा सोडल्याची तारीख आणि चावी परत दिल्याचं मालकाला ईमेलने कळवलेलं असावं. रिकाम्या खोलीचे आणि मीटरच्या रीडिंगचे फोटो त्याच ईमेलला जोडता येतात.