तळटीप : टॅक्रोलिमस आणि बुरशी

* बेंगळुरूच्या बायोकॉनमध्येही बनणारे टॅक्रोलिमस अवयवरोपणानंतर रुग्णाची प्रतिकारशक्ती आवरते. त्याच वाटेने बुरशी मारावी, ही सूचना प्रथमदर्शनी धोक्याची वाटेल. हे औषध पेशीतील एफकेबीपी१२ या प्रथिनाला चिकटते आणि ती जोडी कॅल्सिन्युरिन हे विकर बंद पाडते. त्याने टी-पेशी थंडावतात, पण म्युकर बुरशीलाही तंतू फुटत नाहीत, ती यीस्टसारखी गोल राहते. २०२१ मध्ये म्युकरच्या संसर्गाच्या लाटेत कर्नाटक-महाराष्ट्रात ॲम्फोटेरिसिन या बुरशीनाशकासाठी नातेवाइकांची झालेली वणवण आठवली, तर हे मर्मस्थान सोडून देणे परवडणारे नाही. रुग्णाचीच ढाल गळून पडेल, हा आक्षेप खरा आहे. मात्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एफकेबीपी१२च्या रचनांत ८८व्या जागी माणसाच्या प्रथिनात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल, तर ॲस्परजिलस या बुरशीच्या प्रथिनात फेनिलअलानिन दिसते. अशा फरकांचा फायदा घेऊ पाहणाऱ्या एपीएक्स८७९ या बदललेल्या रेणूने उंदरांतील क्रिप्टोकोकस या बुरशीच्या संसर्गावर गुण दाखवला, तोही प्रतिकारशक्ती बरीच कमी दाबून. अधिक गंभीर अडचण वेगळीच आहे : म्युकर एफकेबीपी१२चे जनुक तात्पुरते मुके करून औषधाला चकवते, हे २०१४ मध्येच दिसले होते. म्हणून असे रेणू एकटे न वापरता दुसऱ्या बुरशीनाशकाच्या जोडीनेच तपासले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. – संपादक