हात बोलू लागले तेव्हा

१८८४ हे साल आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना पाठ असते. त्या वर्षी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन काढली. त्याच शहरात, १८८५ च्या सुमारास, बिशप लिओ म्यूरिन यांनी मूकबधिर मुलांची शाळा काढली. हिंदुस्थानातली ही अशी पहिली शाळा. लोखंड्यांचे नाव निदान सभांतून निघते. या शाळेचे तेवढेही निघत नाही.

या दोन गोष्टी शेजारी ठेवण्याचे कारण आहे. गिरणीने माणसे एकत्र आणली ती सूत काढण्यासाठी. त्यांनी संघटना करावी हा काही मालकाचा हेतू नव्हता. बधिरांच्या शाळांनी मुले एकत्र आणली ती तोंडाने बोलायला शिकवण्यासाठी. ती आपसांत हातांनी बोलतील, हा शाळांचा हेतू नव्हता.

१८८० साली इटलीत मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली होती. ओठ वाचणे आणि तोंडाने बोलणे हेच खरे शिक्षण, असा ठराव तेथे १६० विरुद्ध ४ मतांनी झाला. ज्यांच्याविषयी ठराव, त्यांच्यापैकी जेमतेम एक प्रतिनिधी सभागृहात होता. मजुरी ठरवताना मजुरालाच बाहेर उभे करायचे, ही रीत आमच्या चांगल्या ओळखीची आहे! त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडले, तेही कॅनडातील व्हँकुव्हर येथे. मधल्या १३० वर्षांत जगभर, आणि आपल्याकडेही, वर्गात खुणांना मज्जाव राहिला. पण वसतिगृहात, मैदानात, मास्तरांची पाठ वळली की हात मोकळे. मोठ्यांकडून धाकट्यांकडे खुणा गेल्या. खेड्यातून घरगुती चार खुणा घेऊन आलेला मुलगा पुरती भाषा घेऊन बाहेर पडू लागला. शिक्षण संपल्यावर ही मुले कामाधंद्याला पांगत आणि सुटीच्या दिवशी पुन्हा जमत. बधिरांच्या संघांचे मूळ या जमण्यात आहे. कोणा दात्याच्या देणगीत नव्हे.

संघ हवा कशाला, हे कायद्याकडे पाहिले म्हणजे उमगते. जुन्या हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे जन्मतः बहिऱ्या-मुक्या मुलाला पोटगी मिळे, वाटा मिळत नसे. वाडीतला वाटा म्हणजे काय, हे कळंबच्या माणसाला आम्ही काय सांगावे? भाकरी चालू, पण जमिनीच्या कागदावर नाव नाही. हा अडसर १९२८ च्या कायद्याने दूर झाला. गंमत अशी, की १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने न बोलणाऱ्याची खुणांनी दिलेली साक्ष ग्राह्य धरली होती. म्हणजे पन्नासाहून अधिक वर्षे दुसऱ्याच्या खटल्यात त्याचे हात चालत होते. बापाच्या जमिनीत मात्र त्याला हात घालता येत नव्हता.

पॅरिसमध्ये फर्दिनां बर्तिए या बधिर शिक्षकाने १८३८ साली बधिरांची संस्था उभी केली. बधिरांचा जागतिक महासंघ रोम येथे १९५१ साली झाला आणि आपला अखिल भारतीय महासंघ दिल्लीत १९५५ साली. आपल्याकडे संस्था नोंदवायला १८६० च्या कायद्याप्रमाणे सात सह्या लागतात. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातही आकडा सातच होता. सात माणसे जमवणे किती जड जाते, ते ज्याने जमवली त्यालाच ठाऊक! त्यातून गावोगाव एकेकटा बहिरा राहत असेल, तर सात यायचे कोठून? म्हणून हे संघ शहरांतच उभे राहिले. त्यांचे काम नुसते स्नेहसंमेलनाचे राहिले नाही. राष्ट्रीय बधिर संघ या २००५ साली निघालेल्या संस्थेने वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २०११ साली बधिरांना परवान्याची वाट खुली झाली.

आपल्या विरार लाइनीवर तर एक नोंदणी नसलेला संघ रोज भरतो. मुंबईच्या लोकलमधील अपंगांच्या डब्याचा अभ्यास अॅनेलिस कुस्टर्स या बेल्जियन संशोधक बाईंनी केला. त्या स्वतः बधिर आहेत. ठरलेल्या गाडीला बधिर मंडळी एकमेकांना गाठतात, नोकरीच्या बातम्या, लग्नाची स्थळे, निरोप देतात. गप्पा अर्धवट राहिल्या तर आपले स्टेशन सोडून पुढेही जातात. सभासद वर्गणी रेल्वेच्या पासातच आली.

मात्र त्या डब्यापर्यंत पोचायला कळंबच्या पोराला आधी नालासोपारा गाठावे लागते, आणि त्याआधी त्याला भाषा लागते. बहुतेक बहिरी मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. घरात हातांनी बोलणारे कोणी नसते. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ साली १०,००० शब्दांचा कोश चित्रफितींच्या रूपात पुरा केला. मोबाइलवर तो पाहता येतो; ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी आई, पाणी, भूक, शाळा एवढ्या शब्दांपासून आरंभ करावा.