दाराआडचा आवाज

श्रोतेहो, दारावर थाप पडली की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘कोण आहे?’ बाहेरून उत्तर येते, ‘मी!’ आता हा ‘मी’ कोण, हे ओळखायचे ते आवाजावरून. जुन्या वाड्यात दाराला अडसर असे आणि आवाज ओळखीचा निघाला तरच तो काढीत. म्हणजे दाराआडून बोलून माणूस पारखण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. तेच काम तारेवरून करणाऱ्या यंत्राला इंटरकॉम म्हणतात.

याची गरज कोणाला? सोलापूरच्या पूर्व भागातले विणकराचे घर डोळ्यांसमोर आणा. माग आणि चूल एकाच छपराखाली. मागाची खटखट सुरू असली म्हणजे कडी कितीही वाजवा, आत ऐकू जात नाही. किंवा गुडघे दुखणारी म्हातारी आई घरात एकटी आहे. तिला उठून दारापर्यंत जावे लागते, आणि कोण आले ते कळण्याआधीच कडी काढावी लागते. ही अडचण लहान नाही.

सोलापूरला भोंगा चांगला ठाऊक. १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘जुनी मिल’, सुरू झाली. गिरणीचा भोंगा साऱ्या गावाला हाक मारी, पण भोंग्याला उलट उत्तर कसे देणार? तारायंत्रावरून उत्तर देता येई, पण तेही टिंब आणि रेघ यांच्या खुणांनी. माणसाचा आवाज काही त्यातून जात नसे.

तो तारेवरून गेला १० मार्च १८७६ रोजी, अमेरिकेतील बोस्टन शहरात. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल एका खोलीत होता आणि त्याचा सहायक थॉमस वॉटसन दुसरीत. बेलने यंत्रात बोलून त्याला बोलावले, आणि वॉटसन आला. गंमत पाहा! टेलिफोनवरचे हे पहिले बोलणे दोन गावांत झाले नाही, एकाच घरातल्या दोन खोल्यांत झाले. टेलिफोन जन्माला आला तो इंटरकॉम म्हणूनच! एक्सचेंज मागून आले. २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे ती सुरू झाली.

बेलचा १८७७ साली लोकांच्या हाती आलेला टेलिफोन बॅटरीवाचून चाले. ज्या तोंडात बोलायचे, त्यालाच कान लावून ऐकायचे. शिक्षकबंधूंनो, हे वर्गात करून दाखवता येते. जुन्या रेडिओतले दोन स्पीकर घ्या आणि लांब दुपदरी तारेने एकमेकांना जोडा. एकात मोठ्याने बोला, दुसऱ्याला कान लावा. पुसट का होईना, आवाज येतो. कारण सोपे आहे. आवाजाने स्पीकरचा कागदी पडदा हलतो, त्याला चिकटलेले तारेचे वेटोळे लोहचुंबकाजवळ हलते आणि त्यात बारीकसा प्रवाह निर्माण होतो. तो प्रवाह दुसऱ्या टोकाचा पडदा हलवतो.

पुसट आवाज मोठा करायचा तर मध्ये वर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर हवा. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढे हे काम लहानशा बॅटरीवर होऊ लागले. आज एक ट्रान्झिस्टर आणि त्यापुढे ‘एलएम ३८६’ नावाची आठ पायांची चकती, एवढ्यावर नऊ व्होल्टच्या बॅटरीने भागते. एक स्पीकर दाराबाहेर, एक आत, वर्धक आतल्या पेटीत. त्याच पेटीवर अदलाबदलीचे बटण. बटण सोडलेले असताना बाहेरचा स्पीकर कान होतो आणि आतला तोंड. दाबले की उलटे. म्हणून एकाने बोलावे, दुसऱ्याने ऐकावे.

दारावर घंटीचे बटण निराळे ठेवा. मागाच्या घरात घंटीसोबत लाल दिवाही लावा, म्हणजे खटखटीतही तो दिसेल. काम झाले की वर्धक बंद करा, नाहीतर बॅटरी फुकट संपते. तपासताना दोन्ही स्पीकर शेजारी ठेवू नका, कर्कश शीळ उठते. आणि ही तार घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला कधीही जोडू नका, त्या तारांच्या नळीतूनही नेऊ नका. मुलांना तर हे दोनदा बजावून सांगा.

आधी शाळेत करून पाहा. एक टोक वर्गात, दुसरे मुख्याध्यापकांच्या खोलीत. वॉटसनसारखे कोणीतरी धावत येईल! मग घरी बसवा. पुढच्या वेळी दारातून नुसते ‘मी’ ऐकू आले, तर म्हातारीने बसल्या जागेवरून बटण दाबावे आणि खुशाल विचारावे, ‘मी म्हणजे कोण रे, बाबा?’